आठ वाजताचा पाऊस

सकाळी आठ वाजता लांजेवारबाबू कुणाचे नसत. दवाखान्याच्या ओसरीवर तापाने फणफणलेलं पोर असो, कुऱ्हाडीने पाय फाटलेला लाकूडतोड्या असो, बाबू घड्याळाकडे बघून उठायचे, हातातली मिक्श्चरची बाटली टेबलावर ठेवायचे आणि अंगणात निघून जायचे. "थांबा जरा. पाऊस मोजून येतो." मग आभाळ कोरडं ठणठणीत का असेना.

केशोरीला माझी नर्स म्हणून नेमणूक झाली तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, तेही सायकल पंक्चर झाली नाही तर. बाकीचे पाच दिवस दवाखाना म्हणजे कंपाउंडर लांजेवारबाबू, मी आणि झाडलोट करणारी सगुणाबाई. बाबू तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. बारीक अंगकाठी, डोक्यावर काळी टोपी, शर्टाच्या खिशात नेहमी एक छोटी वही आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल.

तिसऱ्या की चौथ्या दिवशीच आमचं वाजलं. एक बाई अडली होती आणि मला उकळलेलं पाणी हवं होतं. बाबू चुलीशी होते. आठ वाजले आणि ते पाणी तसंच ठेवून अंगणात गेले. मी मागून ओरडले, "बाबू, इथं माणूस मरायला टेकलंय आणि तुम्ही त्या डब्यात काय बघताय?" ते वळले नाहीत. डब्यातली बाटली काढली, त्यातलं पाणी मापाच्या ग्लासात ओतलं, ग्लास डोळ्यासमोर धरला, खाली घेतला, पुन्हा धरला. वहीत लिहिलं. मग आत येऊन चुलीवरचं भांडं उचलून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "पानी उकळाले अजून दोन मिनिटं होते, बाई. मी पाहूनच गेलो होतो." ते खरंच होतं. पोर आणि आई दोघंही सुखरूप सुटली. पण माझा राग मात्र आठवडाभर टिकला.

डबा म्हणजे पर्जन्यमापक. आजूबाजूला झाड नाही अशा जागी, सिमेंटच्या ओट्यावर बसवलेला. गावात त्याला सगळे 'बरणी' म्हणत. बाबूंच्या आधीचा कंपाउंडर पावसाचा आकडा अंदाजाने लिही असं बाबू सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा होई की त्या माणसाने कुणाला विष दिलं असावं. ते स्वतः प्रत्येक आकडा दोनदा वाचत. एकदा वाचून लिहिलेला आकडा त्यांना उष्टा वाटे. पाऊस पडला नसेल तर शून्य लिहीत. पण मोजताच आला नाही तर जागा कोरी ठेवत. "शून्य म्हणजे मी पाहिलं आणि पाऊस नव्हता. कोरं म्हणजे मले ठाऊक नाई. दोन्ही एक कसे होतील?" इतक्या वर्षांच्या वह्यांमध्ये तेव्हा दोनच कोऱ्या जागा होत्या. एका दिवशी म्हशीने डबा पाडला होता. दुसरी जागा त्यांची बायको गेली त्या दिवसाची. त्या कोऱ्या जागेसमोर त्यांनी काहीच कारण लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी वेधशाळेचे एक वयस्क साहेब डबा तपासायला आले. खाकी हाफपँट, पायांत कॅनव्हासचे बूट. त्यांनी ओट्याची उंची मोजली, डब्याचं तोंड मोजलं, मग ओसरीवर बसून वह्या चाळू लागले. चाळता चाळता थांबले. "एवढ्या सगळ्या नोंदी तुम्ही एकट्यांनी घेतल्यात?"

"एकट्यानंच. कोण येते इथं?"

साहेब हसले नाहीत. चहा घेता घेता त्यांनी जे सांगितलं ते मी दारात उभी राहून ऐकलं. ते म्हणाले, आपला पाऊस आपल्या आभाळात ठरत नाही. इथून हजारो कोस लांब एक महासागर आहे. त्याच्या एका काठाला हवेचा दाब चढला की दुसऱ्या काठाला उतरतो, आणि ज्या वर्षी हे वरखाली होणं एका बाजूला झुकतं, त्या वर्षी आपल्याकडच्या पावसावर त्याचा परिणाम दिसतो. फार जुन्या नोंदी शेजारी शेजारी मांडून लोकांनी हे शोधलं. आकडे जुळतात. का जुळतात, हे अजून कुणाला नीट सांगता येत नाही.

बाबूंनी विचारलं, "पन साहेब, सहा महिन्यांआधीचं आभाळाले आठवते कसं?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "हाच खरा प्रश्न आहे. हवा आठ-पंधरा दिवसांत सगळं विसरते. सहा महिने कुणी काही धरून ठेवत असेल, तर ते पाणीच असणार. असं आमच्यातल्या काहींना वाटतं. सिद्ध व्हायला वेळ लागेल. तोवर ठिकठिकाणचे खरे आकडे हवेत, न खंडता. तुमच्या केशोरीचेसुद्धा."

त्या दिवसापासून बाबू बदलले. नागपूरहून त्यांनी शाळेत टांगतात तसला जगाचा नकाशा मागवला आणि औषधांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवला. कपाट उघडलं की टिंक्चर आयोडीनच्या मागे महासागर दिसे. दवाखान्यातली रबराची गरम पाण्याची पिशवी आणि चुलीवरचा तवा घेऊन ते येईल त्याला धडा देत. दोन्ही एकदम तापवायचे आणि बाहेर ओट्यावर ठेवायचे. तवा घटकेत निवे. पिशवी दोन माणसांना औषध देऊन झालं तरी हाताला ऊन लागे. "हे पाहा. लोखंड विसरलं. पानी विसरलं नाई. आता एवढा मोठा समुद्र एकदा तापला, तर तो कवा विसरेल?" पोटदुखीचे रोगी पिशवीची वाट बघत कळवळत असायचे आणि पिशवी बाहेर ओट्यावर समुद्र झालेली असायची. मी चिडून ती उचलून आणी.

समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. बाबूंनीही नाही. केशोरीत पाण्याचं मोठ्यात मोठं माप म्हणजे दवाखान्यासमोरचा तलाव, म्हणून लोक त्या महासागराला 'बाबूचा तलाव' म्हणू लागले. "कायजी बाबू, तुमचा तलाव काय म्हनते?" असं जाता येता विचारत आणि हसत. बाबू हसत नसत. "तो तलाव मापाले बरनी नाई माह्यापाशी," एवढंच म्हणत.

हसण्याच्या पोटात खरा प्रश्न असायचा. तिकडे दरसाल मृगाच्या तोंडावर प्रत्येक घराला ठरवावं लागे, हलका धान पेरायचा की भारी. हलका लवकर हाती येतो, थोड्या पाण्यावर निभतो, पण उतारा कमी. भारी धान कार्तिकापर्यंत उभा राहतो आणि घर भरतो. मात्र पाऊस लवकर पाठ फिरवून गेला आणि तलावही आटला, तर बांधीत, म्हणजे भातखाचरात, उभ्या उभ्या वाळतो. एकदा रोपांसाठी पऱ्हे टाकले की मग मत बदलता येत नाही. साहेब आता बाबूंना दरवर्षी अंदाजाचा एक कागद पाठवीत. गावाला ते ठाऊक होतं. बाबू तो वाचून घडी घालून नकाशामागे ठेवीत आणि कुणी विचारलं तर म्हणत, "मी कंपाउंडर हावो. जोतिषी नाई."

मग ते एक वर्ष आलं. कागदात लिहिलं होतं, यंदा पाऊस कमी राहण्याची लक्षणं आहेत.

सगुणाबाईच्या दोन बांध्या तलावाच्या शेवटच्या टोकाला होत्या, जिथे पाणी सगळ्यात उशिरा पोचतं. तिचा नवरा कधीचाच गेला होता. ती बाबूंच्याही आधीपासून दवाखान्यात होती आणि त्यांना अरे-तुरे करणारी गावातली एकटी बाई. त्या सकाळी ती केरसुणी टाकून त्यांच्यापुढे उभी राहिली.

"बाबू, हलका टाकू का भारी?"

"मले नोको इचारू, सगुणा."

"तुले नाई त कोनाले इचारू? कागद तुह्यापाशी आहे. मले वाचता येत नाई म्हनून तू सांगून नाई राह्यला का?"

हे त्यांना लागलं. ते कपाटाकडे गेले आणि नकाशामागचा कागद काढून पुन्हा वाचू लागले. मी तिथेच पट्ट्या गुंडाळत होते. मीसुद्धा म्हटलं, सांगा ना बाबू, गरीब बाई आहे. आज वाटतं, मी गप्प बसायला हवं होतं. ते वळले आणि म्हणाले, "हलका टाक."

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. बाबूंनी तोंड उघडलं, म्हणजे खात्रीच! अर्ध्या गावाने हलका धान टाकला.

त्या वर्षी केशोरीवर पाऊस खंडलाच नाही. बाबूंच्या वहीत रोज आकडा पडत होता आणि रोज त्यांचा चेहरा उतरत होता. आश्विनात हलका धान पिकून उभा राहिला आणि नेमका तेव्हाच आठ-दहा दिवस सलग पाऊस लागला. धान आडवा झाला. पाण्यात पडलेल्या लोंब्यांना जागच्या जागी कोंब फुटले. सगुणाबाईने मूठभर लोंब्या आणून दवाखान्याच्या ओट्यावर ठेवल्या आणि केरसुणी उचलून झाडायला लागली. हिरवे कोंब चांगले बोटभर होते. शेजारच्या बांध्यांत ज्यांनी बाबूंचं ऐकलं नव्हतं, त्यांचा भारी धान कमरेइतका डोलत होता.

महिन्याभरात वर्तमानपत्रांतून कळत गेलं की इतर मुलखात पाऊस खरंच कमी पडला. कागद खोटा नव्हता. मी बाबूंना म्हटलं, "हे लोकांना सांगा ना. तुमचा काय दोष?"

"दोष माझाच आहे, बाई," ते म्हणाले. "कागद सगळ्या देशाचा होता. मी तो सगुनाच्या दोन बांध्यांवर वाचला. अंगभर ताप आहे म्हनून कोनी नुसत्या करंगळीले थर्मामीटर लावते का? मी लावला."

त्यानंतर एका सकाळी आठ वाजता बाबू अंगणात गेले आणि परत येईनात. मी बाहेर पाहिलं. डब्याच्या तोंडात कुणीतरी चिखल आणि शेण ठासून भरलं होतं. बाबू ओट्याशी नुसते उभे होते. आदल्या दिवशी आभाळ भरून आलं होतं; पहाटे सर येऊन गेली की नाही, गेली तर किती, हे कळायला आता वाट नव्हती. कुणी केलं ते बहुतेकांना ठाऊक असणार. बाबूंनी विचारलं नाही. वही त्यांनी खिशातून काढलीच नव्हती. मला रडू आलं आणि लोकांचा संतापही आला.

तेवढ्यात सगुणाबाई बादली घेऊन आली. तिने त्यांना खांद्याने बाजूला केलं, डबा उचकटला, राखेने घासला, तीनदा धुतला आणि बाटली उन्हात धरून पारखली. घासता घासता म्हणाली, "चुकलास तू. बरनी कुठी चुकली?"

बाबूंनी वही काढली. त्या दिवसाची जागा कोरी ठेवली. ती तिसरी.

पुढच्या रविवारी तलावाच्या पाण्याच्या पाळ्या ठरवायला गाव तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जमलं होतं. तलाव ताब्यात ठेवणारी मालगुजारी जाऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि पाणी कुणी कुणाला द्यायचं यावर तिथे नेहमीच आवाज चढत. बाबू कधी त्या बैठकीला जात नसत. त्या दिवशी गेले. मधोमध उभे राहून म्हणाले, "हलका टाका म्हनून मी सांगितलं. चूक माझी. कागदाची नाई, बरनीची नाई. बरनीले हात लावू नका. माह्या तोंडावर काय थुंकायचं ते थुंका." एका म्हाताऱ्याने नुसतं "बस, बाबू, बस" म्हटलं. बाबू बसले नाहीत, घरी गेले.

त्यांनी साहेबांनाही लिहिलं. उत्तराचं पोस्टकार्ड आलं. साहेबांनी लिहिलं होतं की एका बांधीपुरतं सांगणारा कागद आमच्यापाशी नाही, बहुधा कधी नसेलही. तुम्ही आकडे पाठवत राहा. ते पोस्टकार्ड बाबूंनी नकाशाच्या बाजूला लावलं.

पुढचा मृग जवळ आला. मला वाटलं, आता या माणसाला कुणी काही विचारणार नाही. एका सकाळी सगुणाबाई पुन्हा केरसुणी टाकून पुढे उभी राहिली.

"बाबू, औंदा कागद काय म्हनते?"

बाबूंचा चेहरा पांढरा पडला. "तू मले इचारते? तू?"

"तुह्या मतानं नाई पेरत मी आता. माह्याच मतानं पेरीन. पन कागद काय म्हनते ते त सांग."

बाबूंनी औषधाच्या बाटलीतून दहा पांढऱ्या गोळ्या मोजून काढल्या आणि काउंटरवर मांडल्या. सहा एका बाजूला सरकवल्या, चार दुसऱ्या. "औंदा कागद बरा आहे. पन बरा म्हंजे एवढाच. ह्या सहा चांगल्या सालाच्या. ह्या चार वाईट सालाच्या. तुह्या बांधीवर कोनती येईल ते साहेबाले ठाऊक नाई, मले नाई, समुद्रालेबी नाई."

सगुणाबाई वाकून गोळ्यांकडे बघत राहिली. मग तिने बोटाने चार गोळ्या टोकरल्या. "मंग एवढ्या हिश्शात हलका टाकीन, अन् बाकीच्या हिश्शात भारी. दोन्हीकडून मरत त नाई?"

बाबूंनी मान वर केली. एवढ्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "हेच. हेच त सांगाले पाह्यजे होतं मले."

मग दरसालची ती रीतच झाली. कागद आला की काउंटरवर गोळ्या मांडल्या जात आणि येणारा-जाणारा बघून जाई. कधी सात-तीन, कधी पाच-पाच. पाच-पाच झाल्या की लोक वैतागत, "हे काय सांगनं झालं?" बाबू म्हणत, "ठाऊक नाई, हे सांगनं झालं."

त्याच सुमारास त्यांनी सगुणाबाईला मोजायला शिकवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण औषधाच्या बाटलीवर डोस दाखवायला बाबू खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवीत, ती तिला पक्की कळे. कितवी खाच, किती औषध, हे ती रोग्यांना बरोबर समजावून देई. बाबूंनी त्या खाचांवरून तिला मापाच्या ग्लासावरच्या रेघा शिकवल्या. डोळा पाण्याच्या बरोबरीला आणायचा, दोनदा बघायचं. ती कुरकुरे, "एकडाव पाह्यलं त दिसलं ना!" बाबू ऐकत नसत. दुसऱ्यांदा बघायला लावीतच.

पेन्शनीत निघायची वेळ आली तेव्हा नवा कंपाउंडर हजर झाला नव्हता. पावसाळ्याचे दिवस होते. बाबूंचा पुतण्या आमगावला होता, त्याच्याकडे ते राहायला जाणार होते. मोटर धरायची तर बैलगाडी सकाळी साडेसातलाच निघायला हवी होती. नकाशा त्यांनी कपाटातच ठेवला. आदल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात वही दिली आणि म्हणाले, "सगुना सांगेल, तुमी लिहा. नाई समजलं त कोरं ठेवा, बाई. अंदाजानं नोको."

निघताना त्यांनी डब्याकडे बघायचं टाळलं. सगुणाबाईशीही बोलले नाहीत. गाडी हळूहळू तलावाच्या पाळीवर चढली. पाळीवरून दवाखान्याचं अंगण सरळ दिसतं. मध्यावर गेल्यावर गाडी थांबली. बाबू खाली उतरले आणि घड्याळ हातात घेऊन उभे राहिले. गाडीवान त्यांना काहीतरी सांगत होता, बहुधा मोटर चुकेल म्हणून.

आठ वाजले. सगुणाबाईने पदर खोचला, बाटली काढली, पाणी ग्लासात ओतलं, ग्लास डोळ्यासमोर धरून खाली ठेवला. मग पाळीकडे तोंड करून ओट्यावर चढली आणि दोन्ही पंजे उघडले. पुन्हा उघडले. मग तीन बोटं. तेवीस सेंट, म्हणजे पाव इंचाला जरा कमी.

पाळीवर बाबूंनी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

"पाहा, बाई, पाहा! जाता जाताबी डोक्शाले ताप!" सगुणाबाई तणतणली. पण तिने ग्लास पुन्हा उचलला, डोळा पाण्याच्या बरोबरीला आणला, श्वास रोखून बघितलं. मग ग्लास खाली ठेवून पुन्हा पंजे उघडले. दोनदा. तीन बोटं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते.

मी वहीत तेवीस लिहिलं. वर पाहिलं तेव्हा पाळीवर बाबूंनी खिशातली छोटी वही काढली होती. त्यांनी उभ्यानेच आकडा लिहिला, पेन्सिलचा दोरा गुंडाळला आणि मगच ते गाडीत चढले.